जुन्या गाडीत कोणतं ऑइल, कोणतं कूलंट? आधी आत काय आहे ते बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी. वीस-पंचवीस वर्षं जुनी, हाताने गिअर टाकायची पेट्रोल गाडी तुम्ही घेतली आहे. मॅन्युअल हरवलंय आणि आधीच्या मालकाने कधी काय बदललं याची नोंद नाही. एक मेकॅनिक म्हणतो, इंजिन जुनं झालंय, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घाला. दुसरा म्हणतो, फुल सिंथेटिकच घाला. तिसरा म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नका, बदललंत की गळायला लागेल. कूलंटच्या डब्यात तांबूस पाणी दिसतंय, ब्रेक फ्लुइड काळपट झालंय, आणि तुम्हाला प्रत्येकासाठी चांगल्या ब्रँडची यादी हवी आहे.

ब्रँड ही सगळ्यात शेवटची गोष्ट. योग्य स्पेसिफिकेशनचं, खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेलं आणि सीलबंद असेल, तर नावाने फारसा फरक पडत नाही. तुमच्या गाडीत सध्या नेमकं काय भरलंय आणि ते तिथे असायला हवं का, हे कोणालाच माहीत नाही, खरी अडचण ही आहे. तिन्ही मेकॅनिकनी गाडीचं वय पाहून सल्ला दिला. कोणतं द्रव चालेल हे ठरतं त्या भागातल्या धातूंवरून, रबरी सीलवरून आणि फिरत्या भागांमधल्या फटींवरून. गाडी म्हातारी झाली म्हणून ब्रेकमधलं रबर बदलून वेगळ्या जातीचं होत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही: तुमच्याकडे थंडी किती पडते, गाडी रोज चालते की महिन्यातून एकदा, इंजिन मूळचंच आहे की कोणी बदललंय. शेवटचा मुद्दा जुन्या गाड्यांमध्ये फार महत्त्वाचा. म्हणून मॅन्युअल शोधताना मॉडेलच्या नावावर थांबू नका, इंजिनवर कोरलेला कोड बघून घ्या. जुन्या गाड्यांची मॅन्युअल स्कॅन केलेली मिळतात आणि त्यात बहुधा एक तक्ता असतो: बाहेरचं तापमान इतकं ते इतकं असेल तर अमुक ग्रेड. म्हणजे बनवणाऱ्यानेच दोन-तीन पर्याय दिलेले असतात. शिवाय ब्रेकच्या आणि पॉवर स्टीअरिंगच्या डब्यांची झाकणं पुसून वाचा. तिथे द्रवाचा प्रकार बहुतेक वेळा छापलेला असतो आणि धुळीखाली तो वर्षानुवर्षं कोणी वाचलेला नसतो.

काहीही ओतण्याआधी एक रात्र गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कसल्या रंगाचा आहे ते बघा. इंजिनखाली काळा-तपकिरी, रेडिएटरखाली हिरवा, गुलाबी किंवा गंजकट, चाकाच्या आतल्या बाजूला पातळ आणि निसरडा. त्यावर तारीख घालून फोटो काढा. पुढे ऑइल बदलल्यावर "आता गळायला लागलं" असं कोणी म्हणालं, तर आधीपासून किती गळत होतं हे तुमच्याकडे असेल.

आता इंजिन ऑइल. सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. रंगावरून निकाल देऊ नका. घाण धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे ते काळं होणारच. मी बघतो त्या गोष्टी वेगळ्या. पातळी वाढलेली दिसली तर मला कमी झाल्यापेक्षा जास्त काळजी वाटते, कारण ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात पेट्रोल किंवा कूलंट उतरतंय. पेट्रोल असेल तर डिपस्टिकला वास येतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट-पांढरी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. गाडी जवळच्या जवळच फिरत असेल तर आतली वाफ तिथे जमते, एक लांबची फेरी मारल्यावर ती बऱ्याचदा जाते. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे आणि कूलंट कमी होतंय, हे दोन्ही एकदम दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) संशयित. मेकॅनिककडे त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात आणि पेट्रोल इंजिनात जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळं पडतं. ही चाचणी होईपर्यंत नवं ऑइल भरून उपयोग नाही.

२०डब्ल्यू-५० चा सल्ला तपासून घ्यायला हवा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो आणि नंतरचा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते. तिथे ३० ग्रेडची मर्यादा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक), ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. म्हणजे ३० वरून ५० वर उडी मारली तर जाडी जवळजवळ दुप्पट होऊ शकते. ज्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच २०डब्ल्यू-५० लिहिलंय तिथे ते अगदी योग्य आहे. पण १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या, हायड्रॉलिक टॅपेटच्या (व्हॉल्व्ह हलवणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग) इंजिनात ते घातलं तर सकाळी चालू केल्यावर वरच्या भागांपर्यंत पोहोचायला उशीर लागतो, आणि इंजिनाची झीज चालू करतानाच जास्त होते.

मग जाड ऑइल घातल्यावर धूर कमी का होतो? होतो, हे खरं आहे. पण आजार तिथेच राहतो. रात्रभर उभी गाडी चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हच्या सील कडक झाल्यात, आणि बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता त्या बदलता येतात. जोर देताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता. हा फरक आधी बघा. त्यानंतरही ऑइल खात असेल, तर मी मॅन्युअलच्या तक्त्यातला सगळ्यात जाड पर्याय घेतो, त्याच्या पलीकडे जात नाही. ऑइल प्रेशरची शंका असेल तर प्रेशर स्विचच्या जागी साधा गेज लावून मोजून घ्या. डॅशबोर्डवरचा दिवा दाब फारच पडल्यावर लागतो, त्याच्या भरवशावर ग्रेड ठरवू नका.

डब्यावरचं एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकाचं) अक्षरही वाचा. एस ने सुरू होणारे प्रकार पेट्रोलसाठी, सी ने सुरू होणारे डिझेलसाठी. पेट्रोलमध्ये नंतरचं अक्षर आधीच्याची जागा घेऊ शकतं, म्हणजे मॅन्युअलमध्ये एसजी लिहिलं असेल तर आजचं एसएन किंवा एसपी चालतं. याला एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या जुन्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सपाट टॅपेटवर घासून चालतो, तिथे झिंक आणि फॉस्फरस असलेलं झिजेविरोधी रसायन फार गरजेचं असतं. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या नळीतला भाग) खराब होतो, म्हणून २००४ च्या एसएम प्रकारापासून पातळ ग्रेडमध्ये त्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडना ती मर्यादा लागू नव्हती. तुमची गाडी वीस-पंचवीस वर्षांची आहे, त्यात रोलरवाले फॉलोअर (घासण्याऐवजी चाकावर फिरणारे टॅपेट) आणि कन्व्हर्टर असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर झिंकच्या वेगळ्या बाटल्या ओतू नका. आणखी जुनी, सपाट टॅपेटची गाडी असेल तर जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं ऑइल शोधणं सार्थ आहे.

सिंथेटिकने गळती सुरू होते, ही भीती वर्षानुवर्षं ऐकतोय. सील कडक होऊन आधीच चिरलेली असते आणि साठलेल्या चिकट गाळाने ती फट बुजलेली असते. स्वच्छ ऑइल तो गाळ धुतं, मग फट दिसते. तुमच्या गाडीसाठी मी सिंथेटिकचा आग्रह धरणार नाही आणि त्याला घाबरणारही नाही. योग्य ग्रेडचं साधं किंवा सेमी-सिंथेटिक घाला, फिल्टर बदला आणि पहिला बदल लवकर करा, दोनेक हजार किलोमीटरवर. त्याने गाळ हळूहळू निघतो. फ्लशची (इंजिन आतून धुणाऱ्या रसायनाची) बाटली ओतून पंधरा मिनिटांत सगळा गाळ सोडवायचा प्रकार इतिहास माहीत नसलेल्या इंजिनात मी करत नाही. सुटलेला गाळ चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीवर जाऊन बसला तर ऑइल वर चढतच नाही.

कूलंटकडे येऊ. तांबूस रंग म्हणजे गंज, आणि गंज म्हणजे त्यातलं गंजरोधक संपलंय किंवा आधीच्या मालकाने नुसतं पाणी भरून गाडी चालवली. दोन्हींचा उपाय एकच: पूर्ण काढून, धुऊन नवं भरा. रंगावरून जुळवाजुळव मात्र करू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात, त्याला सार्वत्रिक नियम नाही. महत्त्वाचं असतं ते आतलं गंजरोधक. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटवाल्या कूलंटचं आयुष्य साधारण २ वर्षं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या कूलंटचं ५ च्या आसपास. दोन जाती मिसळल्या तर आयुष्य घटतं आणि काही मिश्रणांत चिकट गोळे तयार होतात. रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि डागकाम (सोल्डरिंग) केलेला असेल, तर मी जुन्या पद्धतीचंच कूलंट वापरतो.

प्रमाण निम्मं-निम्मं ठेवा. अर्धं इथिलीन ग्लायकॉल आणि अर्धं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि सुमारे १०७ अंशांना उकळतं. १ बार दाबाचं झाकण तो उकळबिंदू आणखी वीसेक अंशांनी वर नेतं, म्हणून झाकणाची रबरी गॅस्केट चिरलेली असेल तर सगळ्यात भारी कूलंटही उतू जाईल. झाकण संशयास्पद वाटलं तर सरळ बदला. "जास्त घातलं तर जास्त चांगलं" असा विचारही नको, नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. पाणी डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड वापरा, नळाच्या पाण्यातले क्षार आत थर करून बसतात.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकतात. धुतल्यावर इंजिनच्या ब्लॉकमध्ये बरंच पाणी अडकून राहतं. मग तयार निम्मं-निम्मं मिश्रण वरून भरलं की ते पातळ होतं. म्हणून एकूण क्षमता मॅन्युअलमध्ये बघून तिच्या निम्मं शुद्ध, पाणी न मिसळलेलं कूलंट आधी भरा आणि उरलेली जागा डिमिनरलाइज्ड पाण्याने भरा. हीटर गरमवर ठेवून हवा काढा, गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. आणि काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका: चवीला ते गोडसर लागतं, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं ते पितात, आणि ते जीवघेणं विष आहे.

ब्रेकबद्दल मी तुम्हाला हात जोडून सांगतो, हे काम पुढे ढकलू नका. तुमच्या यादीत इंजिन ऑइल पहिलं होतं, माझ्या यादीत ब्रेक फ्लुइड पहिलं आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ब्रेक फ्लुइडचे प्रकार, तिन्ही ग्लायकॉलच्या जातीचे आहेत आणि ते हवेतली ओल शोषतात. नव्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक तापले की मुरलेल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट तळाला जातो. सपाट रस्त्यावर तोच ब्रेक ठणठणीत वाटतो, म्हणून "ब्रेक तर चांगले लागतात" हा पुरावा धरू नका. दर २ वर्षांनी बदल हा नियम मी कुठल्याही गाडीला सोडत नाही.

डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं. पण डॉट ५ हे पूर्ण वेगळं, सिलिकॉनचं द्रव आहे, ५.१ शी त्याचा काही संबंध नाही आणि ते इतरांत मिसळत नाही. काही गाड्यांत खनिज तेलही असतं. सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या हायड्रोन्यूमॅटिक (तेल आणि वायूच्या दाबावर सस्पेन्शन चालणाऱ्या) गाड्यांमधलं हिरवं एलएचएम हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे साधं ब्रेक फ्लुइड ओतलं तर सगळी सील खराब होतात, आणि उलट साध्या ब्रेकमध्ये खनिज तेल गेलं तरी तेच.

आत काय आहे याची शंका असेल तर स्वच्छ पिचकारीने डब्यातलं थोडं द्रव काढून पाण्याच्या ग्लासात टाका आणि ढवळा. ग्लायकॉलवालं विरघळून जातं. तेल किंवा सिलिकॉन असेल तर वेगळा थर राहतो. झाकणातली रबरी चकतीही बघा. ती फुगून वेडीवाकडी झाली असेल, नीट बसत नसेल, तर कोणीतरी कधीतरी चुकीचं तेल ओतलंय. मग नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला, ब्रेकला दाब देणारा पंप) चाकांपर्यंतची रबरं बदलावी लागतात. हा खर्च टाळू नका.

फ्लुइड बदलून ब्रेकची हवा काढताना पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या शेवटपर्यंत जात नाही, त्यामुळे तिथे गंज साठलेला असतो. पेडल तळाला नेलं की जुनी सील त्या खडबडीत भागावर घासून फाटते, आणि काल चालणारा मास्टर सिलिंडर आज निकामी होतो. द्रव रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग उचलतं. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. क्लच हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा) असेल तर त्यातही बहुधा हेच फ्लुइड असतं आणि त्याची आठवण कोणालाच राहत नाही, तेव्हा तेही याच वेळी बदला.

गिअरबॉक्ससाठी आधी भरणीचा प्लग सुटतोय का ते बघा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडा. ऑइल काढून झालं आणि भरणीचा प्लग गंजून अडकला, तर गाडी तिथेच उभी राहते. आत काय घालायचं याचा अंदाज बांधू नका: काही गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल, काहींमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल म्हणजे एटीएफ आणि काहींमध्ये इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं. १९५९ च्या मूळ मिनीत तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून जीएल-४ पेक्षा सरस, असं धरू नका. जीएल-५ मध्ये डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) हायपॉइड म्हणजे तिरक्या, घासत फिरणाऱ्या दातांसाठी गंधक-फॉस्फरसची रसायनं बरीच जास्त असतात. गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ती मानवतीलच असं नाही, गिअर पडताना खरखर होऊ शकते. जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४ शोधा, डिफरन्शियलला जीएल-५ लागत असेल तर तिथे तेच हवं. ७५डब्ल्यू-९० मधला ९० बघून दचकू नका, गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे आणि ते साधारण ४० ते ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं नेहमीचं, धातूचे तुकडे असणं नाही.

पॉवर स्टीअरिंगचं काम छोटं आहे. झाकणावर लिहिलंय तेच भरा. एटीएफ सगळीकडे चालतं हा समज चुकीचा आहे, काही गाड्यांना स्वतःचं वेगळं द्रव लागतं. फ्लुइड काळं झालं असेल तर पिचकारीने डबा रिकामा करून नवं भरायचं, आठवडाभर गाडी चालवायची आणि हेच दोन-तीनदा करायचं.

क्रम म्हणाल तर मी असा ठेवेन: ब्रेक आणि क्लच, मग कूलंट, मग इंजिन ऑइल आणि फिल्टर, शेवटी गिअरबॉक्स. सगळं एकाच दिवशी करू नका. प्रत्येक बदलानंतर काही दिवस गाडी चालवा, पुठ्ठा पुन्हा पसरा आणि पहिल्या फोटोशी ताडून बघा. नवा डाग पडला तर तो कशामुळे हे लगेच कळेल. इंजिनचा कोड, धुराची वेळ आणि ब्रेकच्या झाकणावर काय छापलंय, हे कळलं की लिहा. ग्रेडबद्दल तेव्हा मी जास्त नेमकं सांगू शकेन.